तार तापते, म्हणून उजळते

मृग जवळ आला की बुलडाणा जिल्ह्यातल्या बाजारगावांत लोहाराच्या भात्यापुढे वखराच्या पासा, कुऱ्हाडी आणि विळे येऊन पडतात. निखाऱ्यात खुपसलेली पास आधी काळीच असते. हात जवळ नेला तर धग लागते, पण डोळ्यांना काही फरक दिसत नाही. भाता चालतो तसा तिच्यावर मळकट तांबडेपणा चढतो, मग ती लालभडक होते, मग नारिंगी, आणि लोहाराने लक्ष दिले नाही तर पिवळी. घण कोणत्या रंगावर घालायचा हे लोहाराला ठाऊक असते, कारण तो रंगावरूनच तापमान ओळखतो. ऐरणीवर आणल्यावर हेच रंग उलट्या क्रमाने उतरत जातात आणि शेवटी पास पुन्हा काळी पडते, तरी हात लावायची सोय नसते. या साऱ्यात विजेचा कुठे संबंध नाही. तरीही ‘बल्बमधली तार का उजळते’ या मुलांच्या प्रश्नाचे उत्तर इथे जितके उघड दिसते, तितके ते पुस्तकातल्या सेल, कळ आणि वायरच्या आकृतीत दिसत नाही. म्हणून मुलांना हा विषय समजावताना आपण सुरुवात चुकीच्या टोकाकडून करतो, असे माझे म्हणणे आहे. आपण वीज आधी सांगतो, मग प्रकाश, आणि उष्णता शेवटी, तीही जणू वाया गेलेली वस्तू म्हणून. खरा क्रम उलटा आहे. तार आधी तापते, आणि तापली म्हणून उजळते. वीज हे तिला तापवण्याचे एक साधन आहे, भाता आणि कोळसा हे दुसरे.

हा केवळ शिकवण्याच्या सोयीचा प्रश्न नाही. ‘कळ दाबली, वीज आली, दिवा लागला’ एवढे ऐकून मोठे झालेले मूल असे धरून चालते की वीज नावाची काहीतरी चमकदार गोष्ट वायरीतून वाहत येते आणि बल्बच्या काचेत पोचल्यावर दिसू लागते. या समजुतीवर पुढे दहावीचे ‘विद्युतधारेचे परिणाम’ हे प्रकरण येऊन बसते. त्यात ज्यूलचे सूत्र असते, निक्रोमची शेगडी असते, टंगस्टनचा बल्बही असतो. सूत्र पाठ होते, गणित सुटते, आणि ‘मग वायर का नाही उजळत?’ असे विचारले की वर्ग गप्प होतो. वायरीतून तीच वीज जाते, मग ती काळोखात का राहते? हा प्रश्न सोडवल्याशिवाय बल्ब समजला असे म्हणता येणार नाही.

आधी तापलेल्या वस्तूचे पाहू. अमेरिकेतल्या जॉन विल्यम ड्रेपर या शास्त्रज्ञाने १८४७ साली दाखवले की घन पदार्थ तापवत नेले तर साधारण ५२५ अंश सेल्सिअसला ते अंधारात जेमतेम तांबडे दिसू लागतात, आणि पदार्थ बदलला तरी हा आकडा फारसा बदलत नाही. त्याच्या अर्धशतक आधी इंग्लंडमध्ये चिनी मातीच्या भट्ट्यांवर नजर ठेवणाऱ्या थॉमस वेजवूडच्याही हे ध्यानात आले होते. लोखंड असो, दगड असो, कोळसा असो, एकाच तापमानाला सगळे साधारण एकाच रंगाने उजळतात. चकचकीत पृष्ठभाग थोडा कमी प्रकाश देतो, काळा आणि खडबडीत पृष्ठभाग जास्त देतो, पण रंगाची चढती पायरी तीच. लोणारचे विवर ज्या आघाताने पडले, त्यात इथला काळा बेसाल्ट वितळून त्याची काच झाली, तिचे तुकडे अभ्यासकांना सापडले आहेत. तो वितळलेला खडकही त्या क्षणी याच नियमाने उजळला असणार, लोहाराच्या पासेपेक्षा वेगळ्या नियमाने नाही.

मग ५२५ अंशांच्या खाली काय होते? तेव्हाही वस्तू किरण सोडतच असते, फक्त ते आपल्या डोळ्यांना दिसत नाहीत. मे महिन्यात मलकापूर-नांदुऱ्याकडे पारा पंचेचाळिशीला टेकतो तेव्हा टिनाच्या घरात दुपारी डोक्यावर जी धग उतरते, ती नुसती गरम हवेची नसते. गरम हवा वर राहते, खाली येतात ते तापलेल्या पत्र्याचे अवरक्त किरण. करोनाच्या काळात शाळेच्या दारात कपाळासमोर धरलेली थर्मल गन मुलांनी पाहिलेली आहे. ती कपाळाला टेकत नव्हती. कपाळ जे अवरक्त किरण सोडते, तेच ती मोजत होती. म्हणजे प्रत्येक मूल स्वतःच एक मंद दिवा आहे, फक्त तो पाहायला डोळे अपुरे आहेत. हे सांगितले की मुले हसतात आणि लक्षातही ठेवतात. कारण समजायला अवघड नाही. पदार्थातले कण सतत थरथरत असतात, ही थरथर म्हणजेच उष्णता. त्या कणांवर विद्युतभार असतात, आणि थरथरणारा विद्युतभार लहरी सोडतो. थरथर वाढली की लहरी अधिक जोमाने आणि अधिक घाईने सुटतात. आधी नुसत्या अवरक्त, मग त्यांत तांबडा प्रकाश मिसळतो, मग पिवळा, हिरवा आणि सगळ्यांत शेवटी निळा. हे सारे रंग एकत्र आले की डोळ्याला पांढरे दिसते. तारेच्या बाबतीत लाल, पिवळे, पांढरे ही तापमानाचीच नावे समजायला हरकत नाही.

आता विजेला आत घेऊ. तारेच्या दोन टोकांना व्होल्टेज लावले की धातूतले मोकळे इलेक्ट्रॉन एका दिशेने ढकलले जातात. वाटेत ते धातूच्या थरथरणाऱ्या अणूंवर आदळतात, मिळवलेली ऊर्जा त्यांना देऊन बसतात, पुन्हा ढकलले जातात, पुन्हा आदळतात. अणूंची थरथर वाढते, म्हणजे तार तापते. विजेचे काम इथे संपते. पुढे तारेचा प्रकाश कसा पडतो याच्याशी तिचा संबंध नाही. आणि इथेच वायरीच्या कोड्याचे उत्तर आहे. २३० व्होल्टवर चालणाऱ्या १०० वॅटच्या बल्बमधून सुमारे ०.४३ अँपिअर धारा जाते आणि पेटलेल्या तारेचा रोध भरतो ५२९ ओहम. ही तार उलगडली तर जवळपास मीटरभर भरते आणि जाडीला केसापेक्षा बारीक असते. बल्बपर्यंत आलेल्या तांब्याच्या वायरीचा, तिचा छेद एक चौरस मिलिमीटर धरला तर, मीटरभर तुकड्याचा रोध ०.०१७ ओहमच्या आसपास असतो. धारा दोन्हीकडे तीच. ज्यूलने १८४० च्या सुमारास मांडलेल्या नियमाप्रमाणे धारेचा वर्ग गुणिले रोध केले, की बल्बच्या तारेत १०० वॅट उष्णता निघते आणि वायरीच्या मीटरभर तुकड्यात ०.००३ वॅट. फरक तीस हजार पटींचा आहे. वायर तापत नाही असे नाही. ती तापते, पण हवा ती ऊब केव्हाच पुसून टाकते. शिक्षकांनी हा हिशेब फळ्यावर करून दाखवावा. आठवी-नववीच्या मुलांना तो सहज जमतो, आणि एकदा केला की सूत्रात काहीतरी दम आहे हे पटते.

इथे चौकस मूल एक चांगली हरकत घेते, आणि ती टाळू नये. उष्णता जास्त तिथे प्रकाश जास्त, असे असेल तर हजार वॅटची कॉइलची शेगडी नुसती तांबडी होते आणि शंभर वॅटचा बल्ब पांढरा लख्ख, असे कसे? शेगडीत दहापट उष्णता निघते. हरकत बरोबर आहे, आणि तिचे उत्तर उष्णता व तापमान या दोन गोष्टी वेगळ्या आहेत यात आहे. परातीत तांब्याभर पाणी ओतले तर तळ जेमतेम झाकला जातो, तेच उभट फुलपात्रात ओतले तर काठाला येते. पाणी तेवढेच, पातळी वेगळी. शेगडीची कॉइल जाड आणि लांब असते, उष्णता बाहेर टाकायला तिला भरपूर पृष्ठभाग मिळतो, शिवाय वर भांडे असते आणि भोवती मोकळी हवा. आठ-नऊशे अंशांनाच तिचा जमाखर्च जुळतो, जितकी उष्णता आत निघते तितकी बाहेर जाते. बल्बच्या तारेचा सगळा पृष्ठभाग मिळून एक-सव्वा चौरस सेंटिमीटर, नखाएवढा. एवढ्याशा जागेतून शंभर वॅट बाहेर पडायचे तर तारेला सुमारे अडीच हजार अंशांपर्यंत चढावेच लागते. घन वस्तूच्या प्रारणाचा नियमही मोठा उग्र आहे. निरपेक्ष तापमान दुप्पट झाले की बाहेर पडणारी एकूण ऊर्जा सोळा पट होते, आणि तिच्यातला दिसणारा वाटा त्याहूनही झपाट्याने वाढतो.

याचा रोकडा पुरावा घरातल्या पाणी तापवायच्या रॉडमध्ये आहे. बादलीत बुडवलेला रॉड हजार-दीड हजार वॅट खातो, पण पाणी उकळत असतानाही त्याचा बाहेरचा नळा शंभर अंशांच्या फार वर जात नाही, कारण पाणी त्याची उष्णता ओढून नेत असते. उजेडाचा मागमूस नसतो. चुकून हाच रॉड कोरड्या बादलीत चालू राहिला तर काही वेळात तो तांबडा होतो आणि बहुधा कामातून जातो. कॉइल तीच, वीज तेवढीच, तरी एकदा अंधार आणि एकदा लाली. फरक फक्त तापमानाचा. प्रकाश विजेमुळे पडत असता तर तो पाण्यातही पडायला हवा होता. (हे करून पाहण्याचे काम नाही, हे मुलांना बजावून सांगावे. रॉडने घरोघर पुरेसे अपघात केले आहेत.)

दुसरा पुरावा गावांनी वर्षानुवर्षे फुकट पाहिला आहे. रब्बीत हरभऱ्या-गव्हाला पाणी द्यायच्या दिवसांत एका डीपीवर साऱ्या मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज बसायचे आणि घरातला बल्ब पिवळा-तांबूस व्हायचा. ‘लाइट कमी झाली’ असे आपण म्हणत आलो, पण बारकाईने पाहिले तर प्रकाश नुसता कमी होत नव्हता, त्याचा रंगही उतरत होता. व्होल्टेज २३० वरून १८४ वर, म्हणजे पाचव्या हिश्शाने उतरले, तर बल्ब साधारण तीस टक्के वीज कमी खातो, पण प्रकाश निम्म्याहूनही खाली जातो. वीज आणि प्रकाश यांचे सरळ नाते असते तर दोन्ही सारखेच घटले असते. मधे तापमान बसलेले आहे, म्हणून हिशेब वाकडा येतो. तार थोडी कमी तापली की आधी निळा जातो, मग हिरवा रोडावतो, आणि तांबडा तेवढा तग धरतो. अशा मरगळलेल्या बल्बचे आयुष्य मात्र कितीतरी पटीने वाढत असे, हा त्यातला विनोद.

तेव्हा कारागिरांपुढचा खरा प्रश्न विजेचा नव्हताच. अडीच हजार अंश सोसेल अशी तार आणायची कुठून, हा होता. खामगाव चांदीच्या कारागिरीसाठी ओळखले जाते, तिथल्या कारागिराला विचारले तर तो सांगेल की चांदीची तार हवी तितकी बारीक ओढता येते. विजेचे वहनही सर्व धातूंत चांदीच उत्तम करते. पण चांदी ९६२ अंशांना वितळते, म्हणजे लाल-नारिंगीच्या पुढे जाण्याआधीच तिचा थेंब होऊन खाली पडेल. तांबे १०८५ ला जाते, लोखंड १५३८ ला, महागडे प्लॅटिनम १७६८ ला. उत्तम वाहक असणे हा इथे गुण नव्हेच, उलट अडचण आहे. वितळायला कमालीचा नाठाळ पदार्थ हवा होता, आणि पहिल्यांदा जो सापडला तो चक्क कापूस. इंग्लंडमध्ये जोसेफ स्वान आणि अमेरिकेत थॉमस एडिसन दोघेही कोळशाच्या तंतूंमागे लागले होते. १८७९ च्या ऑक्टोबरात एडिसनच्या प्रयोगशाळेत शिवणाचा सुती दोरा हवा न लागू देता भाजून त्याचा कोळसा केला आणि निर्वात काचेत पेटवला, तो काही तास टिकला. त्याच्या आधी नऊ वर्षे, १८७० मध्ये, वऱ्हाडचा कापूस नेण्यासाठी जलंबहून खामगावपर्यंत रेल्वेचा फाटा आला होता. त्या दोऱ्याचा आणि खामगावच्या गाठींचा संबंध जोडायचे कारण नाही. पण कापसाच्या जिल्ह्यातल्या मुलाला पहिला टिकाऊ बल्ब सुती दोऱ्याचा होता हे सांगितले की त्याचे कान टवकारतात, आणि मग लगेच विचारता येते: दोरा जळून राख का झाला नाही?

या प्रश्नाशिवाय पुढे जाऊ नये, कारण ‘बल्ब जळतो’ हा आपला शब्दप्रयोग मुलांना फसवतो. जळायला ऑक्सिजन लागतो. काचेतली हवा काढून टाकली तर कोळसा कितीही तापला तरी जळत नाही, नुसता उजळतो. एडिसनने पुढे जपानी बांबूचे तंतू वापरून हजार तासांच्या वर मजल मारली. पण कोळशाची तार फार तापवली की तिचे कण उडून काच काळी होई, त्यामुळे तिला पिवळ्या प्रकाशावरच थांबावे लागे. ३४२२ अंशांना वितळणारा टंगस्टन हा उपाय होता, मात्र तो इतका ठिसूळ की त्याची तार ओढताच येईना. १९०४ मध्ये युस्ट आणि हानामन यांनी भुकटीपासून टंगस्टनची तार बनवण्याची रीत काढली, ती मोडकी होती. अमेरिकेतल्या विल्यम कूलिजने १९१० च्या सुमारास टंगस्टन तापवून ठोकत-ओढत लवचीक करण्याची रीत बसवली, तेव्हा आजचा बल्ब जन्मला. कूलिजचे काम लोहाराच्या जातीचे होते, असे म्हटले तर त्याचा अपमान होऊ नये. १९१३ च्या सुमारास अर्व्हिंग लँगम्यूरने तारेचे वेटोळे करून काचेत निष्क्रिय वायू भरला. त्याचे कारण असे की टंगस्टन अडीच हजार अंशांना वितळत नसला तरी हळूहळू उडत राहतो. भोवती वायू असला की उडू पाहणारे अणू वायूच्या रेणूंवर आपटून बरेचसे मागे येतात.

उलट टांगलेला जुना बल्ब हातात घेऊन पाहिला तर ही सारी कथा काचेवर लिहिलेली दिसते. टोपीच्या बाजूला आतून काळपट ढग जमलेला असतो. तो धूर नव्हे, टंगस्टन आहे. गरम वायू वर चढताना उडालेले कण घेऊन गेला आणि थंड काचेवर सोडून आला. तार जिथे जास्त झिजली तिथे ती बारीक झाली, बारीक झाली म्हणून तिथला रोध वाढला, रोध वाढला म्हणून ती जागा आणखी तापली आणि आणखी झिजली. शेवटी एखाद्या संध्याकाळी कळ दाबताच टिक आवाज होऊन बल्ब जातो. बहुतेक बल्ब कळ दाबतानाच का जातात, यालाही उत्तर आहे: थंड तारेचा रोध तापलेल्या तारेच्या बाराव्या-पंधराव्या हिश्शाएवढाच असतो, म्हणून पहिल्या क्षणी दहापटीहून जास्त धारा घुसते आणि झिजलेली जागा तो धक्का सोसत नाही. काचेला तडा गेला असेल तर प्रकार वेगळा. आत हवा शिरते, तार खरोखरच जळते आणि काचेवर पांढुरकी-पिवळसर भुकटी बसते. शेगडीच्या निक्रोमला उघड्या हवेत असे होत नाही, कारण त्यातले क्रोमियम आपल्या अंगावर ऑक्साइडचा पातळ थर चढवून आतल्या धातूला झाकून घेते. मात्र निक्रोम चौदाशे अंशांच्या आसपास वितळतो, म्हणून त्याने उजेडाच्या भानगडीत पडू नये हेच बरे.

आता दुसरी हरकत. तापमान जास्त तर प्रकाश जास्त, हे खरे मानले तर घरच्या गॅसची निळी ज्योत कंदिलाच्या पिवळ्या ज्योतीपेक्षा जास्त गरम असूनही तिच्या उजेडात पुस्तक का वाचता येत नाही? कारण ड्रेपरचा नियम घन पदार्थांचा आहे. कंदिलाची ज्योत पिवळी दिसते ती तिच्यात तरंगणाऱ्या काजळीच्या कणांमुळे. ते कोळशाचे कण तापून उजळतात, म्हणजे कंदिलातही एक प्रकारे कोट्यवधी सुट्या ताराच उजळत असतात. गॅसची ज्योत स्वच्छ असते, तिच्यात उजळायला घन असे काही नसते. तिचा निळा रंग तापमानाचा नाही, जळताना मोकळ्या होणाऱ्या रेणूंचा आहे. लग्नाच्या वरातीत डोक्यावर मिरवणाऱ्या गॅसबत्त्यांनी ही अडचण सोडवली होती. तिथे निळ्या ज्योतीवर कापडी जाळी चढवतात, कापड जळून जाते, मागे ऑक्साइडचा सांगाडा उरतो आणि तो पांढरा लख्ख उजळतो. तेव्हा हरकत नियम मोडत नाही. नियमाला फक्त एक अट जोडते: तापणारे काहीतरी घन हवे.

तिसरी हरकत आजची आहे आणि ती सगळ्यांत वजनदार आहे. घराघरांत एलईडी आले, तार असलेला बल्ब दुकानातही मागून घ्यावा लागतो, मग मेलेल्या वस्तूचे शवविच्छेदन मुलांकडून कशाला करून घ्यायचे? शिवाय एलईडी न तापता प्रकाश देतो, तर ‘तापते म्हणून उजळते’ हे सांगून आपण मुलांना अर्धवटच शिकवत नाही का? दुसऱ्या भागाचे उत्तर आधी देतो. प्रकाशाच्या वाटा दोन आहेत. एक तापण्याची, दुसरी न तापता थेट इलेक्ट्रॉनकडून ऊर्जा प्रकाशात टाकण्याची. ट्यूबलाइट, एलईडी आणि पावसाळ्यातला काजवा दुसऱ्या वाटेवरचे. दुसऱ्या वाटेवर रंग तापमानावर ठरत नाही, पदार्थावर ठरतो, म्हणून लाल एलईडीला व्होल्टेज थोडे कमी-जास्त झाले तर तो मंद किंवा प्रखर होतो, पण पिवळा किंवा पांढरा होत नाही. पहिली वाट नीट कळली असेल तरच दुसरीचे नवल कळते.

आणि पहिली वाट का हरली, हेही तिच्यातूनच समजते. अडीच हजार अंशांच्या तारेच्या प्रारणातला फार मोठा वाटा अवरक्तातच जातो, शंभर वॅटमधले दिसणारे असे पाच ते दहा वॅटच. सूर्याचा पृष्ठभाग साडेपाच हजार अंशांचा आहे, म्हणून त्याच्या किरणांतला कितीतरी मोठा वाटा दिसतो. तार सूर्याइतकी तापवली असती तर बल्बही तसाच काटकसरी झाला असता, पण माणसाला माहीत असलेला सर्वांत चिवट पदार्थसुद्धा चार हजार अंशांच्या आसपास वितळतो. कारखान्याने कितीही हुशारी केली तरी ही भिंत ओलांडता येणारी नव्हती. तोट्याची दुसरी बाजू शेगावच्या पुढे रेल्वेने अकोल्याकडे जाताना लागते. पारसच्या औष्णिक केंद्रात २५०-२५० मेगावॅटचे दोन संच आहेत. अशा केंद्रात कोळशाच्या उष्णतेचा साधारण तिसरा हिस्सा विजेत उतरतो, बाकीची हवा-पाण्यात जाते. म्हणजे कोळसा जाळून उष्णता, तिच्यातून वीज, आणि ती वीज गावात आणून तारेत पुन्हा उष्णताच करायची. एवढ्या उलथापालथीनंतर कोळशातल्या शंभर भागांपैकी फार तर दोन-तीन भाग वाचणाऱ्याच्या पुस्तकावर पडत. २०१५ मध्ये सुरू झालेल्या ‘उजाला’ योजनेतला ९ वॅटचा एलईडी साठ वॅटच्या बल्बाच्या तोडीचा उजेड देतो, तेव्हा जुन्याची बाजू घेण्यात अर्थ नव्हता. झिरोचा म्हणून विकला जाणारा छोटा बल्बसुद्धा बारा-पंधरा वॅट खात असे, हे बहुतेकांना ठाऊकही नव्हते.

पण तार मेलेली नाही, तिने फक्त उजेडाचे काम सोडले. गिझर, इस्त्री, शेगडी, रॉड या सगळ्यांत तीच आहे. कुक्कुटपालनाच्या शेडमध्ये एका दिवसाच्या पिल्लांना पहिल्या आठवड्यात ३५ अंशांच्या आसपास ऊब लागते, आणि तिथे खाली टांगलेला तारेचा बल्ब अजून दिसतो. जो नव्वद-पंचाण्णव टक्के भाग दिवाणखान्यात तोटा होता, तो इथे मालाची किंमत आहे. वीज वाचवायला कोणी तिथे एलईडी लावला तर उजेड झक्क पडेल आणि पिल्ले गारठून एकमेकांवर चढतील. ‘वाया गेलेली उष्णता’ हा शब्द वस्तूचा नाही, गरजेचा आहे, हे मुलांना या शेडइतके स्पष्ट दुसरीकडे कुठे दाखवता येईल असे वाटत नाही.

वर्गात हे सारे करून पाहायला घरच्या विजेला हात लावायची गरज नाही. जुन्या बॅटरीतला अडीच व्होल्टचा छोटा बल्ब, तीन सेल, थोडी वायर आणि एक टाकाऊ सीडी पुरते. खोली अंधारी करून एका सेलवर बल्ब लावला तर तार तांबूस-पिवळी दिसते, आणि सीडीच्या चकचकीत बाजूवर तिचे प्रतिबिंब तिरके धरून पाहिले तर रंगांच्या पट्ट्यात लाल ठळक, हिरवा बरा आणि निळ्याच्या जागी जवळजवळ काळोख. दुसरा सेल जोडला की तार पांढुरकी होते आणि पट्ट्याचे निळे टोक भरून येते. नवा रंग विजेने आणला नाही, वाढलेल्या तापमानाने आणला, हे इथे सांगावे लागत नाही, मुलेच सांगतात. मग एखादे मूल तिसऱ्या सेलकडे हात नेतेच. नेऊ द्यावा, फक्त बल्ब डोळ्यांपासून दूर धरायला सांगावे आणि जोडण्याआधी वर्गाला विचारून घ्यावे की आता कोणता रंग वाढेल आणि बल्ब किती वेळ टिकेल. निळा आणखी वाढतो, आणि बल्ब बहुधा मिनिट-दोन मिनिटांत जातो. दुसरा बल्ब जवळ ठेवावा, कारण हा भाग पुन्हा करून दाखवा असे हमखास म्हटले जाते.